शहाऐंशी हजार चारशे सतरा

सेकंदबाईंना वेळ विचारायची सोय नाही. किती वाजले म्हटलं की त्या "अकरा वाजून सात मिनिटं एकोणचाळीस सेकंद" असं सांगतात, आणि वर "तुम्ही विचारलंत तेव्हा छत्तीस होते" हेही सांगतात. यात त्यांचा काही दोष नाही. सव्वीस वर्षं त्यांनी पोहण्याच्या तलावाच्या काठावर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून काढली. शर्यत संपली की पहिला कोण यावरून पाण्यातल्या पाण्यात जुंपायची, आणि मग काठावरून बाई एक आकडा उच्चारायच्या. पुढे कुणी ब्र काढत नसे. त्यांचं खरं नाव काय, हे तलावावर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमतही कुणी केली नाही.

मग तलाव दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाला, तो झालाच. बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या. लोक म्हणाले, आता या घरी बसून दूध उतू जायला किती वेळ लागतो ते मोजणार. मोजलंच त्यांनी, चांगलं आठवडाभर. चार मिनिटं अकरा सेकंद. आठव्या दिवशी कंटाळल्या, आणि त्याच दिवशी त्यांची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला त्यांनी वेबसाइट उघडली, तर ती उघडायला बावीस सेकंद. बाईंचं दाढेवरून लक्ष उडालं. दवाखान्यात खुर्चीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "आ करा." बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही ऐका. तुमचं पान बावीस सेकंदांनी उघडतं. एवढ्या वेळात पन्नास मीटर पोहून होतात." डॉक्टर हातात आरसा धरून म्हणाले, "मग करा की कमी!"

त्यांनी चेष्टेत म्हटलं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं. महिनाभर पुस्तकं, व्हिडिओ, वह्या, रागराग, रडारड, आणि शेवटी तीन सेकंद. डॉक्टर इतके खूश झाले की जो येईल त्याच्या तोंडात बोटं घालून त्याला हेच सांगत बसायचे, आणि त्या बिचाऱ्याला मान हलवण्यावाचून गत्यंतर नसायचं. अशी ती कीर्ती पसरली. आता धोबी, चष्मेवाला, नाचाचे क्लास, जो तो आपली रखडणारी वेबसाइट घेऊन बाईंकडे येतो.

या सगळ्यांचं दुखणं साधारण एकच. वेबसाइट ठेवायला जागा लागते आणि स्वस्तातली जागा म्हणजे सामाईक होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी. बाई गिऱ्हाइकाला समजावताना म्हणतात, "एका इमारतीत दीडशे बिऱ्हाडं आणि गच्चीवर टाकी एकच. तुमच्या नळाला धार बारीक का येते, ते शोधायचं. शेजारी पाणी ओढतोय, की तुमच्याच घरात नळ उघडा राहिलाय?" शोधायची त्यांची रीत तलावावरचीच. आधी तीनदा मोजायचं. मग एकच गोष्ट बदलायची. मग पुन्हा तीनदा मोजायचं. मोजल्याशिवाय कशाला हात लावलेला त्यांना खपत नाही. त्यांचा नवरा मात्र अशा बाईला देवानं नेमका कसा दिला कोण जाणे, एक बूट घालायला एक मिनिट चाळीस सेकंद घेणारा. घरातला तिसरा जीव म्हणजे एक गलेलठ्ठ मांजर. तेही नवऱ्याच्याच वळणावर गेलेलं. गेले दोन महिने ते जिन्याखालच्या अडगळीवर, टेबलक्लॉथ टाकलेल्या एका ढिगावर जे बसलं होतं, ते जेवणापुरतंच उठायचं.

एवढ्या सगळ्या जगाच्या वेबसाइटी बाईंनी सुधारल्या, पण एक राहिली होती. त्यांच्या सख्ख्या वहिनीची.

वहिनीचं बटणांचं दुकान. नुसती बटणं. शिंपल्यांची, शिंगाची, पितळेची, लाकडाची, काचेची, तीन हजार प्रकारची. भिंतभर छोटे छोटे खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एकेक बटण शिवलेलं. तुम्ही अर्धं तुटकं बटण घेऊन जा, वहिनी ते नुसतं अंगठ्यानं चाचपून, न बघताच म्हणेल, "डावीकडून चौथी रांग, खालून दुसरा." पण हल्ली लोक शर्टच फेकून देतात. दिवसाकाठी दोन माणसं दुकानात येत, त्यातला एक पत्ता विचारायला. म्हणून दोन महिन्यांपूर्वी वहिनीनं वेबसाइट काढली. नणंदेला विचारलंसुद्धा नाही. "घरच्या माणसाकडून काम करून घेतलं की बोलायची चोरी होते," असं तिचं म्हणणं. शिवाय नणंद-भावजयीत गेली सव्वीस वर्षं जे गोड युद्ध चाललं होतं, त्यात ही माघार ठरली असती. वहिनी बाईंना अगदी जुन्या थाटात 'वन्सं' म्हणायची आणि 'अहो-जाहो' करायची, ते केवळ चिडवायला.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला बाईंना दादाचा फोन आला. दादा कुजबुजत होता.

"ऐक, आज चारला घाऊकवाला येतोय."

"कशाला?"

"सगळी बटणं न्यायला. तोलून. किलोवर."

बाईंच्या हृदयाचा एक ठोका चुकला. त्यांनी तो मोजला नाही, यावरून काय ते समजा.

"वहिनी देतेय? तिची बटणं?"

"ती म्हणते, दुकान बंद करायचं. तू ये गं. वेबसाइट फार रखडते, मला वाटतं त्यामुळेच लोक घेत नसतील. जरा बघ तरी."

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी बाई दुकानात हजर. आत पाऊल टाकलं, तर निम्मे खण रिकामे होते आणि जमिनीवर तोंड बांधलेली पोती. दादा शिडीवर होता आणि एकेक खण इतका सावकाश उपसत होता की त्याच्या मनात काय आहे हे आंधळ्यालाही कळावं.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. "दुकानाला निरोप द्यायला आलात? तुमचं घड्याळ आणलंत ना? मोजा, किती वेळात दुकान रिकामं होतं ते."

"वहिनी, अहो पण का?"

वहिनीनं कात्री खाली ठेवली. तिचा आवाज नेहमीसारखाच ठणठणीत होता, पण ती बाईंकडे बघत नव्हती. "वन्सं, माझ्या वेबसाइटवर रोज ऐंशी हजारांच्या वर माणसं येतात. ऐंशी हजार! आणि त्यातली दोन बटणं घेतात. कधी तीन. कुणीच आलं नसतं तर मी म्हटलं असतं, लोकांना माहीत नाही. पण एवढं जग येऊन बघतं आणि नाक मुरडून निघून जातं, याचा अर्थ काय? तीस वर्षं मला वाटत होतं माझी बटणं सुंदर आहेत. माझ्याच डोळ्यांत दोष असणार."

शिडीवरून दादा म्हणाला, "मी हिला म्हटलं, एवढी माणसं तर आपल्या आख्ख्या गावात नाहीत."

"जग मोठं आहे," वहिनी म्हणाली. "तुम्ही खण उपसा."

एरवी वहिनीला उलट उत्तर द्यायला त्यांना अर्धा सेकंदही लागत नसे. आज त्या एवढंच म्हणाल्या, "चारपर्यंत वेळ आहे ना? मला वेबसाइट बघू द्या."

"बघा हवं तर. मेलेल्याला औषध द्यायची हौस असेल तर."

गल्ल्याशेजारच्या संगणकासमोर बाई बसल्या. स्टॉपवॉच काढलं. तीनदा मोजलं. एकोणीस सेकंद, एकोणीस, वीस. दातांच्या डॉक्टरची आठवण झाली. मग त्यांनी वही उघडली आणि पदर खोचला.

पहिला गुन्हेगार लगेच सापडला. वहिनीनं प्रत्येक बटणाचा फोटो एवढा मोठा काढला होता की भिंतीवर लावला तर भिंत पुरली नसती. बाईंनी सगळे फोटो एका फटक्यात लहान केले. तीनदा मोजलं, पंधरा. मग दिसलं, तीन हजार बटणं एकाच पानावर ठासून भरलेली. त्याची साठ-साठ बटणांची पानं केली. मोजलं, बारा. वेबसाइटवर पडणाऱ्या बर्फाचा देखावा होता, तो काढला.

"बर्फ का काढलात?" वहिनी ओरडली.

"बटणांवर बर्फ कशाला?"

"छान दिसायचा!"

मोजलं, साडेअकरा. आणि तिथं घोडं अडलं. बाई हे करतात, ते करतात, आकडा जागचा हलेना. एक वाजला. दादानं शिडीवरून तिसरं पोतं खाली सोडलं. घाऊकवाल्याचा फोन येऊन गेला, काटा घेऊन निघतोय म्हणून. शेवटी बाईंनी होस्टिंग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आपलं जेवण बाजूला सारून खातं उघडलं असावं, कारण घास गिळल्याचा आवाज आला.

"शेजारी कुणी पाणी ओढतंय का?" सेकंदबाईंनी सवयीनं विचारलं.

"पाणी?"

"म्हणजे सर्व्हर. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटचा भार पडतोय का?"

"नाही हो, उलट तुमच्याबद्दलच शेजाऱ्यांनी कुरकुर करावी. तुमच्या खात्यावर एका वेळी वीस जणांना आत घेता येतं, आणि तुमच्या वीसच्या वीस जागा सतत भरलेल्या आहेत. बाकीचे बाहेर रांगेत. रात्री नाही, दुपारी नाही, गर्दी हटतच नाही."

"ऐकलंत?" वहिनी म्हणाली. "गर्दी! मी काय सांगत होते?"

बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मग एकच उपाय. दर माणसामागे पान नव्यानं तयार होतंय. ते एकदा तयार करून ठेवू आणि येईल त्याला तेच देऊ. फक्त तुम्ही पानाच्या तळाशी तो माणसं मोजणारा आकडा लावलाय ना, तो असेपर्यंत ते जमणार नाही. तो काढते."

"आकड्याला हात लावायचा नाही!" वहिनी गल्ल्याच्या अलीकडे आली. "तेवढीच एक गोष्ट आहे माझ्याकडे. बटणं घेतली नाहीत तरी निदान येतात तरी. मी रोजचा आकडा लिहून ठेवते."

"बघू तरी काय आकडा आहे," बाई म्हणाल्या. आजवर त्यांनी पान कितीदा उघडलं असेल, पण वरचं बटण दिसलं की स्टॉपवॉच थांबवायचं, एवढंच ठाऊक. तळापर्यंत त्या कधी गेल्याच नव्हत्या. आता गेल्या.

तिथं लिहिलं होतं: काल आलेले, ८६,४१७.

बाई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमची वही द्या बरं."

वहीत वहिनीनं सुबक अक्षरात दोन महिन्यांचे आकडे लिहिले होते. ८६,४०९. ८६,४२२. ८६,४११. ८६,४१४. दोन महिन्यांत एकदाही आकडा शहाऐंशी हजार चारशेच्या खाली गेला नव्हता. एकदाही फार वर गेला नव्हता.

आता तुम्हा-आम्हाला हा एक आकडा वाटेल. पण जिनं आयुष्यभर सेकंदांवर भाकरी भाजली, तिला शहाऐंशी हजार चारशे म्हणजे काय हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. चोवीस तासांचे सेकंद. एका दिवसात बरोब्बर तेवढेच असतात. कुणीतरी वहिनीची वेबसाइट दर सेकंदाला एकदा उघडत होतं. दिवसरात्र, न चुकता, न थकता. जगात असं काम करणारा माणूस कोण असेल, असा विचार बाईंनी केला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना मांजर आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी, मला विचारलं नाही म्हणून बाई फुरंगटून बसल्या होत्या. पण त्यांना राहवेना. वहिनीची वेबसाइट नीट चालतेय का, मध्येच बंद तर पडत नाही ना? मग त्यांनी जिन्याखालचा जुना संगणक सुरू करून त्याला पहाऱ्यावर बसवलं: पान उघड, वेळ मोज, पुन्हा उघड. लोक असा पहारा पाच-पाच मिनिटांनी लावतात. बाईंना ते हास्यास्पद वाटलं. पाच मिनिटांत तर शर्यत संपून पोरं अंग पुसून घरी जातात! त्यांनी दर सेकंदाला लावला. एका दिवसापुरता. मग पंखा घरघरतो म्हणून वर टेबलक्लॉथ टाकला, आणि विसरल्या. उबेला मांजर येऊन बसलं. बिचाऱ्या पानाला उघडायला एकोणीस-वीस सेकंद लागायचे, तोवर याची आणखी अठरा-वीस माणसं दारात उभी. वीस जागांपैकी बहुतेक सगळ्या यानंच अडवलेल्या. वहिनीची गर्दी म्हणजे बाईंचाच उघडा राहिलेला नळ.

"वन्सं, काय झालं? पांढऱ्या पडलात," वहिनी म्हणाली.

खरं सांगायचं तर बाईंच्या मनात क्षणभर पळवाट आली. नवऱ्याला गुपचूप फोन करावा, वायर काढायला सांगावी, आणि 'झाली दुरुस्त' म्हणून मिरवावं. सव्वीस वर्षं जपलेली इज्जत! वहिनीला हे कळलं तर मरेपर्यंत ऐकवेल. पण समोर पोती होती. आणि 'माझ्याच डोळ्यांत दोष असणार' हे शब्द बाईंच्या कानातून जाता जात नव्हते.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ते ऐंशी हजार लोक मी आहे."

दादा शिडीवर थांबला.

बाईंनी सगळं सांगितलं. भराभर, एका दमात, मांजरासकट. वहिनीचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. बाईंनी मान खाली घातली. वहिनीनं वही ओढून घेतली, पेन्सिल उचलली, आणि कालच्या आकड्यातून शहाऐंशी हजार चारशे वजा केले. मग परवाच्यातून. मग तेरवाच्यातून.

"सतरा," ती म्हणाली. "चौदा. अकरा."

"हो. माणसं तेवढीच. मला माफ—"

"अगं, थांब!" वहिनीनं बाईंच्या दंडाला धरलं. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदा 'अगं' म्हणाली होती, आणि तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. "काल सतरा माणसं आली? आणि काल तिघांनी बटणं घेतली! सतरातल्या तिघांनी! परवा चौदातल्या दोघांनी! तेही वीस-वीस सेकंद बाहेर ताटकळून! अहो, ऐकताय का तुम्ही?"

"ऐकतोय," दादा शिडीवरून म्हणाला. तो एव्हाना उपसलेला खण उलट भरायला लागला होता.

"म्हणजे कुणी नाक मुरडलं नाही?"

"नाकच नव्हतं त्यांना," बाई म्हणाल्या. "सगळा जुना संगणक होता."

आणि वहिनी हसत सुटली. अशी हसली की तिला पोत्यावर बसावं लागलं, पोत्याची गाठ सुटली, पितळेची बटणं घरंगळत दुकानभर गेली, आणि ती पकडायला धावलेल्या बाई स्वतःच हसून हसून जमिनीवर बसल्या.

मग घरी फोन लागला. "जिन्याखाली जा, टेबलक्लॉथ उचल, आणि काळी वायर ओढ."

नवऱ्यानं विचार केला. सात सेकंद. "त्यावर मांजर झोपलंय."

"उठव त्याला!"

"आत्ताच झोपलंय गं. दहा मिनिटांनी चालेल का?"

"अहो भावजी," वहिनीनं फोन हिसकावून घेतला, "तुमच्या मांजराच्या बुडाखाली माझं दुकान अडकलंय!"

पलीकडे खुर्ची सरकली, पावलं वाजली, मांजरानं निषेध नोंदवला. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. दोन मिनिटं आणि चार सेकंदांनी फोनवर आवाज आला, "ओढली."

बाईंनी पान उघडलं. ते उघडलं होतं. त्यांचा अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर पोचायच्या आत.

"किती?" वहिनीनं विचारलं.

"पुन्हा मोजते." त्यांनी तीनदा मोजलं. "एक पूर्णांक आठ. एक पूर्णांक सात. एक पूर्णांक आठ."

"मला उघडू द्या," वहिनी म्हणाली. मग दादा म्हणाला मला. मग पुन्हा वहिनी. तिघं आळीपाळीनं पान उघडत होती आणि दर वेळी शिंपल्यांची बटणं चटकन समोर आली की आरडाओरडा करत होती. ठरल्याप्रमाणे चारला घाऊकवाला काटा घेऊन दारात आला, तेव्हा त्याला आत दोन बायका आणि एक म्हातारा एका संगणकाभोवती टाळ्या पिटताना दिसले.

"बटणं तोलायची होती ना?" त्यानं विचारलं.

"तोलायची नाहीत," वहिनी म्हणाली. "तुमच्या कोटाचं वरून दुसरं बटण मात्र वेगळं आहे. शिंगाचं हवं, हे प्लॅस्टिकचं लावलंय कुणीतरी. उजवीकडून सहावी रांग, अगदी वरचा खण. अहो, काढा." खण भरलेला होता. दादानं तो सकाळपासून उपसलाच नव्हता.

सोमवारी सकाळी साडेनऊला बाईंचा फोन वाजला.

"वन्सं, काल किती आले सांगू? तेवीस!"

"त्यातल्या तुम्ही किती वेळा उघडलीत?"

"दहा. हे म्हणतात, त्यांनी पाच वेळा."

"मी चार," बाईंनी कबूल केलं.

वहिनीची पेन्सिल वाजली. "म्हणजे खरी माणसं चार."

"चार," बाई म्हणाल्या.

"आणि चारातल्या तिघांनी घेतली गं," वहिनी म्हणाली, आणि तिनं घाईघाईनं फोन ठेवला, कारण दुकानात कुणीतरी आलं होतं.